नवचैतन्य सोसायटीतील गाड्यांना काही प्रॉब्लेम नाही

स्थळ पसंत करताना चूक झाली, हे माणूस साठीनंतर कधीतरी, बायको माहेरी गेलेली असताना कबूल करतो. फ्लॅट घेताना चूक झाली, हे तो सोसायटीच्या सभेत दरवर्षी कबूल करतो. मोटार घेताना चूक झाली असे कबूल करणारा मराठी माणूस मात्र अद्याप नोंदला गेलेला नाही. वारज्याच्या नवचैतन्य सहकारी गृहरचना संस्थेचा सारा डोलारा या सत्यावर उभा होता (इमारत कशावर उभी होती, हे बिल्डरने शेवटपर्यंत सांगितले नाही).

समाधान बनसोडे यांना हे २००४ साली माहीत असते, तर कोणती गाडी घ्यावी हे त्यांनी कोणालाच विचारले नसते. समाधान खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचे काम करत आणि त्यात त्यांना दोनदा बढतीही मिळाली होती. आई चंद्रभागाबाई त्यांच्याजवळच राहत. पानशेतच्या पुरानंतर खडकवासल्याची भिंत नव्याने उभी राहिली, तेव्हा त्या भिंतीसाठी त्यांनी दोन वर्षे डोक्यावर घमेली वाहिली होती. ती भिंत एकदा डोळे भरून बघायची, एवढीच त्यांची इच्छा होती. पण गुडघे गेले होते आणि बसची उंच पायरी काही चढवत नव्हती.

"आई, आता आपल्याच गाडीतून जाऊ," समाधान म्हणाले, आणि त्याच रविवारी सकाळी साडेसातला पार्किंगमध्ये उतरून त्यांनी सल्ला मागितला. पुण्यात सल्ला मागायला पाच मिनिटे लागतात आणि थांबवायला पाच वर्षे.

पार्किंगमध्ये तेव्हा तीन विचारसरण्या नांदत होत्या. निवृत्त कारखाना-व्यवस्थापक आप्पासाहेब यांच्याकडे जपानी 'कोयामा' होती. बँकेत शाखाधिकारी असलेले बद्रीनाथ कोरियन 'हानसुन'चे होते (त्यांच्याकडे हानसुन होती, असे म्हटलेले त्यांना आवडत नसे). ज्यांच्या वडिलोपार्जित शेतावर सोसायटी उभी होती त्या घरातला इंद्रजीत हा देशी 'वज्र'चा कट्टर होता. त्याच्या दारात तीन वज्र उभ्या असत, त्यांतली निदान एक बहुतेक वेळा चालू असे.

चर्चेचे दंडक ठरलेले होते. स्वतःची गाडी 'बंद पडली' असे म्हणायचे नाही. ती 'जरा थांबली' म्हणायचे. गॅरेजमध्ये गाडी 'दुरुस्तीला' जात नाही, 'दाखवायला' जाते. आवाज येत असेल तर तो रस्त्याचा आहे. 'ॲव्हरेज' या शब्दाचा अर्थ गणितात सरासरी असला तरी वारज्यात तो कमाल असा घ्यावा. आप्पासाहेबांची कोयामा लिटरला बावीस देई. बद्रीनाथांची हानसुन तेवीस देते असे जाहीर होताच आप्पासाहेबांनी पुढच्या रविवारपर्यंत, गाडी जागची न हलवता, कोयामाला चोवीसवर नेले.

पुढील पाच वर्षांत नवचैतन्यच्या आवारात एकूण एकशे बारा वेळा गाड्यांना धक्का मारण्यात आला. त्यात पेट्रोलचा दोष एक्केचाळीस वेळा आढळला, महानगरपालिकेचा अडतीस वेळा, गाडी शिकणाऱ्या मेहुण्याचा एकोणीस वेळा, पावसाचा तेरा वेळा आणि एका प्रसंगी वास्तुशास्त्राचा. गाडीचा दोष एकदाही आढळला नाही. धक्का मारायला बहुतेक वेळा समाधान असत, कारण तटस्थ तेच होते.

घरी येऊन ते सारे संगणकावरच्या तक्त्यात भरत. तक्त्याचे एकशे चौऱ्याहत्तर रकाने झाले होते. पहिल्या वर्षी त्यांनी एक गाडी जवळजवळ नक्की केली, तेव्हा कंपनीने ते मॉडेलच बंद केले. दुसऱ्या वर्षी नक्की केलेल्या गाडीचा नुसता दिवा बदलून ती 'नवी' म्हणून बाजारात आली, त्यामुळे सर्व रकाने पुन्हा भरावे लागले. चंद्रभागाबाई अधूनमधून चौकशी करत.

"आई, आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू आहे. विचार करायला नको?"

"लगीन बी एकदाच केलंस की. पोह्याची बशी खाली ठेवायच्या आत हो म्हणलास."

पूर्वाने, म्हणजे तेव्हा पोहे आणलेल्या आणि आता त्यांची पत्नी असलेल्या मुलीने, आतून फक्त भांडे आपटले. विश्वासार्हतेबाबत घरात एवढीच चर्चा झाली.

२००९ सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी 'दरवाजा लावल्यावर येणारा आवाज' या विषयावर बैठक रंगात आली होती. कोयामाचा आवाज 'धप्प' येतो, तर हानसुनचा 'ठप्प'. यातला कोणता अधिक सुरक्षित, हे आप्पासाहेब दार पुन्हा पुन्हा लावून दाखवत होते. नवव्या वेळी दार उघडेना (रबर नवे असल्याचा खुलासा करण्यात आला). तेवढ्यात पूर्वा खाली आली.

"आई घरात नाहीत. इंद्रजीत, तुमच्या सरुआजीही नाहीत. वॉचमन म्हणतो, दोघी सकाळीच सहा आसनी रिक्षात बसून गेल्या. खडकवासल्याला."

सहा आसनी म्हणजे पुणेकर जिला डुक्कर म्हणतात ती. समाधानांनी मनाशी यादी केली. आईचे गुडघे, धरणाचे पाणी, आणि डुकरात कोंबलेली दहा माणसे! लाजही वाटली, पाच वर्षे आई मागत होती आणि आपण रकाने भरत बसलो. "चला, लगेच निघू," ते म्हणाले. "कोणाची गाडी काढायची?"

तिघांनीही आपापल्या किल्ल्या खिशात टाकल्या. अशी एकजूट त्याआधी फक्त एकदा, सोसायटीची वर्गणी मागितली तेव्हा दिसली होती.

"माझी नेण्यास काडीची हरकत नाही," आप्पासाहेब म्हणाले. "पण कोयामा गेली आणि आली, तर हे लोक म्हणतील योगायोग. त्याला अर्थ काय?"

"माझी उद्याच दाखवायला द्यायचीय," बद्रीनाथ म्हणाले. "दोष काही नाही हं. त्यांनाच तिला बघायची इच्छा आहे."

"वज्र डोंगर चढती, भाऊ," इंद्रजीत म्हणाला. "फक्त सुरू व्हायला तिला उताराची सवय हाय."

"अहो, तुमची आजी आहे तिथे!" पूर्वा म्हणाली.

"म्हणूनच म्हणतोय, वहिनी. घाई करून गाडीचं नाव खराब नको."

मग प्रश्नाचा रीतसर विचार झाला. एकच गाडी गेल्यास इतर दोघांवर अन्याय होतो, म्हणून तिन्ही जाव्यात, असे ठरले. पुढे कोणती असावी यावर मतदान झाले. प्रत्येक गाडीला एक मत पडले. निर्णायक मत समाधानांकडे आले. त्यांना रडू येत होते, तरी त्यांनी प्रामाणिकपणे थोडा वेळ मागून घेतला आणि मनातल्या मनात एकशे पंचाहत्तरावा रकाना उघडला: तातडी. "तुम्ही बसा मोजत, मी रिक्षा बघते," असे म्हणून पूर्वा फाटकाकडे चालू लागली.

ती फाटकाशी पोचते तोच समोर डुक्कर येऊन थांबले. त्यातून आठ माणसे, एक कोंबडी आणि शेवटी चंद्रभागाबाई व सरुबाई उतरल्या. दोघींची लुगडी गुडघ्यापर्यंत ओली होती आणि तोंडभर हसू होते.

"आई, काही झालं तर नाही ना? अगं, सांगायचं तरी!"

"काय हुतंय? पायरी खाली हाय त्याची, लहान पोर बी चढंल. भाकरी खाल्ली, पाण्यात पाय सोडून बसलो. भिंत हाय तिथंच हाय." त्यांनी पार्किंगमधल्या चौघांकडे आणि जागच्या न हललेल्या गाड्यांकडे एकवार नजर टाकली. "तुमी बी हाय तिथंच हाय."

समाधानांना वाटले, आत्ता इथेच आईच्या पायांवर डोके ठेवावे. ते पुढे झाले, वाकले, आणि त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडले: "आई, ॲव्हरेज किती देतं म्हणाला ड्रायव्हर?"

चंद्रभागाबाई त्यानंतर अकरा वेळा धरणावर जाऊन आल्या आहेत. पूर्वा दर वेळी सोबत असते. समाधानांच्या तक्त्यात डुकराचा समावेश झाला असून, ते विकत मिळत नाही या एकाच मुद्द्यावर त्याचे गुण कापले गेले आहेत.

ज्या वाचकांचा जीव इतका वेळ चंद्रभागाबाईंच्या गुडघ्यांत अडकला होता, त्यांचे आभार. ते दोघे किंवा तिघे असावेत. उरलेल्या आपणा सर्वांच्या मनात पहिल्यापासून एकच प्रश्न आहे, तो म्हणजे या तिन्हींतली घ्यावी कुठली. तरी आपण रविवारी साडेसातला अवश्य यावे. आपल्या गाडीला काही प्रॉब्लेम नाही हे आम्ही जाणतोच. पण शक्यतो रिक्षाने यावे, कारण धक्का मारायला समाधान एकटेच आहेत.