अकरा हिरवे ठिपके

माझ्या हातून चूक होत नाही. उगाच तोंडची वाफ दवडत नाहीये मी! बावीस वर्षं घरच्या गराजमध्ये काडतुसं भरतोय. वापरलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, घासूनपुसून लख्ख करायच्या, त्यांत नवी बारूद मोजून घालायची आणि वर नवी गोळी बसवायची. दहाही बोटं जागच्या जागी आहेत, हवी तर मोजून घ्या. नेब्रास्काच्या आमच्या या कोपऱ्यात हरणांचा मोसम जवळ आला की अर्धं गाव हाच उद्योग करतं. पण बाकीच्यांचं म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

त्यामुळे गावच्या नेमबाजी क्लबाने नवशिक्यांना काडतुसं भरायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा शिक्षक मीच होणार हे मी धरूनच चाललो होतो. शर्टसुद्धा इस्त्री करून ठेवला. क्लबाचे अध्यक्ष व्हर्ल टिबेट्स. वय ऐंशी, बोलणं मोजकं. त्यांच्या हाताखाली शिकलेला नेमबाज अख्ख्या तालुक्यात मान वर करून चालतो, आणि त्यांच्या तोंडून 'शाबास' ऐकायला मी बावीस वर्षं थांबलोय. त्यांनी मला विचारलं, "पोरा, आजवर किती वेळा चुकलास?" मी बावन्न वर्षांचा पोर ताठ मानेनं म्हणालो, "एकदाही नाही." ते नुसतं हुंकारले. मतदान गुरुवारी होतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं!

बारुदीच्या जाती अनेक आणि दिसायला सगळ्या सारख्याच. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, हा पहिला नियम. आणि मधेच उठून गेलात, परत आल्यावर मापाच्या भांड्यात कुठली बारूद आहे याची खात्री नसेल, तर वास घ्यायचा नाही, अंदाज करायचा नाही, डब्यात परत ओतायची नाही. सरळ टाकून द्यायची. कारण चुकीची बारूद भरली तर बंदूक हरणाकडे नाही, तुमच्या गालाकडे फुटते. टाकलेली बारूद इथे सगळे अंगणातल्या गवतावर पातळ भुरभुरतात. गवताला ती खतासारखी मानवते.

तर मीही कधीमधी टाकली. बहिणीचा फोन आला आणि मी दोन तास तिच्या नवऱ्याची गाऱ्हाणी ऐकत बसलो, तेव्हा टाकली. रेडिओवर फुटबॉलची मॅच रंगली आणि भान आलं तेव्हा दोन डबे उघडे होते, तेव्हा टाकली. एकदा छतावरचा पंखा चालू ठेवून वजन केलं आणि काटा वाऱ्यावर डुलतोय हे माझ्या लक्षात आलं साठ काडतुसं भरून झाल्यावर. ती साठही एकेक करून हातोडीने ठोकून परत खोलली आणि आतली बारूद टाकली. दिवसभर ठोकाठोक! समोरच्यांना वाटलं, आम्ही छप्पर बदलतोय. आणि दर वेळी बायकोला, डार्लाला, काही दिसू नये म्हणून मी पातळबितळ भुरभुरत बसलो नाही. दिसेल त्या एका जागी ओतली की झालो मोकळा.

यंदा पाऊस फिरकलाच नाही. अंगणाला आठवड्यातून एकदाच पाणी घालायचं, असं फर्मान निघालं. सगळ्या गावाचं गवत करपलेल्या पावासारखं झालं. आमचंही झालं, फक्त अकरा जागा सोडून! अकरा गोल ठिपके, पोपटासारखे हिरवेगार, घोट्याएवढे उंच. मग कुणीतरी तक्रार केली की हा माणूस चोरून पाणी घालतोय.

मंगळवारी पाणी समितीचे प्रमुख चौकशीला आले. पाणी समितीचे प्रमुख म्हणजे पुन्हा व्हर्ल टिबेट्सच. चारशे वस्तीच्या गावात माणसं थोडी आणि खुर्च्या फार.

ते वही काढून ठिपक्यांकडे बघत उभे राहिले. खरं सांगावं तर 'एकदाही नाही'चं पितळ उघडं पडणार. मी झटकन हिशोब केला. पाणीचोर काडतुसं भरायला शिकवू शकतो, निष्काळजी माणूस नाही. शिक्षा काय, तर पोस्टाच्या फळ्यावर नाव लागेल. लागू दे!

"मीच घातलं पाणी," मी मान खाली घालून म्हणालो. "चोरून."

व्हरांड्यात डार्ला बीन्स निवडत बसली होती. तिच्या मांडीवरची टोपली खाली आली.

"पाणी?" ती म्हणाली. "मी भांडी धुतलेलं पाणी टोमॅटोला घालते, आणि फळ्यावर माझं आडनाव लावणार? व्हर्ल, हा ठिपका याच्या बहिणीचा फोन आला त्या दिवशीचा. तो मॅचचा. तो मोठा आहे ना, तो पंख्याचा."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! अकराच्या अकरा तिने बोट दाखवून, महिन्यासकट सांगितले. दोन तर मीच विसरलो होतो. व्हर्ल प्रत्येक ठिपक्याजवळ जाऊन उभे राहत होते. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण धरणीनं आधीच माझं बरंच काही पोटात घेतलं होतं.

शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "अकराही वेळा टाकलीस? एक दाणाही परत डब्यात नाही?"

"नाही."

"मग मला 'एकदाही नाही' का म्हणालास?"

"तुमच्यासमोर लाज वाटली," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

त्यांनी वही मिटली आणि ते निघून गेले.

गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, आणि कुणी विचारायच्या आत उभा राहून अकराही चुका स्वतःच सांगून टाकल्या. कान नुसते तापले होते. मग व्हर्ल उठले.

"ज्याच्या अंगणात एकही ठिपका नाही," ते म्हणाले, "त्याच्या शेजारी मी बंदूक घेऊन उभा राहणार नाही. शाबास, पोरा."

टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू! लगेच हात वर झाले आणि मी एकमताने निवडून आलो. आभाराचं भाषण मी घरून पाठ करून आणलंच होतं. घसा खाकरला, तेवढ्यात चिटणीसाने ठराव वाचून दाखवला. शिक्षक, व्हर्ल टिबेट्स. मला निवडलं होतं उदाहरण म्हणून.

आता दर शनिवारी वर्ग आमच्या अंगणात भरतो. व्हर्ल काठीने ठिपका दाखवतात, मी त्यात जाऊन उभा राहतो आणि काय झालं ते सांगतो. डार्ला म्हणते, बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला असं काम मिळालंय, ज्याची तयारी पूर्ण झालेली आहे.