उत्तमरावांनी घासलेली भांडी

लेकीचं लग्न पार पडलं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि उत्तमरावांच्या अंगणात गल्लीभरची भांडी उरली. लग्नघराने शेजारून भांडी मागून आणायची आणि लख्ख करून परत द्यायची, ही वडनेरची रीत. दोन दिवस चुलीवर चढलेली ती पातेली आणि गंगाळं काळीठिक्कर पडली होती. विमलबाई राखेचं टोपलं घेऊन बसल्या खऱ्या, पण त्यांच्या कमरेने साफ नकार दिला.

"तू ऊठ व," उत्तमराव म्हणाले. "मशीन कायले हाये?"

उत्तमरावांचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि अकोल्याहून आणलेल्या हँड ग्राइंडरचं नवेपण अजून ओसरलं नव्हतं.

"अवो, केसरकाकूचं गंगाळ हाये त्याच्यात," विमलबाई म्हणाल्या. "त्यायच्या मायनं देल्लं. काकू कोनाले हात लावू देत नाई. म्या शब्द देल्ला म्हनून देल्लं. त्याले काई झालं तं मी गल्लीत तोंड कसं दाखवू?"

"भांड्याले काई होत नसते. होते ते बोटाले."

बोटांच्या बाबतीत उत्तमराव फार कडक होते. त्यांनी उपरणं काढून खुंटीला टांगलं, बाह्या आवळल्या, चष्मा लावला. प्लग उपसून ठेवल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तारेच्या ब्रशात एखादी तार सैल आहे का ते पाहिलं, नट पान्याने आवळला, गार्ड आपल्या बाजूला वळवून घेतलं. गल्लीतली पोरं भिंतीपलीकडे हाकलली. मशीन थोडा वेळ नुसतीच फिरवून पाहिली. मग गोणपाटात गुंडाळलेलं एकेक भांडं शिकंज्यात धरून ब्रशने काजळी काढली, आणि पॉलिशची चकती चढवून झळाळी आणली. काम करताना नजर चाकावरून हलवायची नाही, हाही नियम होता. तो त्यांनी शेवटच्या पातेल्यापर्यंत पाळला.

संध्याकाळी अंगण झगमगत होतं आणि उत्तमरावांची दहाही बोटं जागच्या जागी होती. विमलबाईंना नवऱ्याचा मनापासून अभिमान वाटला. त्यांनी एक पातेलं उचललं आणि काठ फिरवून फिरवून पाहिला.

"याच्यावरचं नाव कुठी हाये?"

"असन तिथंच."

नाव तिथं नव्हतं. कुठल्याच भांड्यावर नव्हतं. टिंबाटिंबांनी ठोकून घातलेली नावं वर्षानुवर्षांच्या राखेने आधीच पुसट झाली होती, आणि उरलेलं काम उत्तमरावांनी सुरक्षितपणे पार पाडलं होतं.

सकाळी गल्लीतल्या बाया जमल्या. मोठ्या पातेल्यांवरून भांडणं होतील या भीतीने उत्तमराव दाराआड उभे होते. झालं उलटंच. एकीनेही भांड्याला हात लावला नाही.

"दुसरीचं घरी नेलं तं पाप कोनाच्या डोक्यावर?" पुष्पाबाई म्हणाल्या. गंगाळं दोनच होती, एक त्यांचं आणि एक केसरकाकूंचं.

काकूंनी दोन्ही गंगाळं वाजवून पाहिली. हाताने आतून चाचपली. पदर डोळ्याला लावला. विमलबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"काकू, एकावर तुमच्या मायचं नाव घालून देतो," उत्तमराव दाराआडून म्हणाले.

"आन ते पुष्पीचं निघालं तं? मायच्या नावानं खोटं नाई बोलाचं मले." काकूंनी अंगणभर नजर फिरवली. "यायच्याबद्दल खरं येवढंच हाये का हे उत्तमनं घासले. तेच नाव घाल."

सगळ्यांना ते पटलं. बाजाराच्या दिवशी नावं घालणारा बोलावला आणि प्रत्येक काठावर 'उत्तमराव' ठोकून घेतलं. मग मात्र बायांनी निर्धास्तपणे ज्या मापाचं दिलं होतं त्या मापाचं भांडं उचलून नेलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुष्पाबाईंच्या पोराचं लग्न झालं. पुन्हा गल्लीतून भांडी गेली. या खेपेला ती पुष्पाबाईंच्या माहेरच्या बायांनी राखेने घासली आणि रीतीप्रमाणे काठावरचं नाव वाचून घरोघरी पोचवली. म्हणजे एकाच घरी.

विमलबाईंनी दार उघडलं तर पायरीपासून फाटकापर्यंत भांडीच भांडी. थोड्या वेळाने केसरकाकू काठी टेकत आल्या. विमलबाईंनी मान खाली घातली.

"उत्तम, मशीन काढ," काकू म्हणाल्या. "तुयं नाव पुसाचं हाये."

"आन कोनाचं घालाचं, काकू?"

काकूंनी जवळचं गंगाळ पायाने पुढं सरकवलं. "माह्या मायचं घाल. वर्सभर याच्यातच पानी तापवून राह्यली मी. पुष्पीचं असन तं असन. माय काई रागवनार नाई, तिले गरम पान्याशी मतलब."