अजगर हातातच राहिला

पत्त्यांत नागोरावांना हरवील असा माईचा लाल मारेगावात जन्मला नव्हता. रमी असो, मेंढीकोट असो, समोरचा माणूस उठायचा तो कानाला हात लावूनच! "पत्ते म्हणजे पत्ते!" ते छाती ठोकून सांगत. "विलायतचे असो का वणीचे, माह्यासमोर आले का सरळ चालतात!"

बाकी सगळ्या बाबतींत मात्र हा वाघ नुसता थांबून राहायचा. पंचायत समितीतली बाबूगिरी सांभाळून चार एकर कपाशी करत, तो सगळा कापूस दिवाळीपासून घराच्या समोरच्या खोलीत रचलेला. भाव चढेल म्हणून! त्या वर्षी भाव कसला चढतोय? तो आपला आठवड्याला एकेक पायरी खाली उतरत होता आणि घरातली माणसं त्या कापसानं बसल्या जागी खाजवत होती. तुळसाबाई वैतागून म्हणायच्या, "अवो, इकून टाका नं आता! खाजून खाजून कातडी सोलली माही!"

"थांब वं. घाईत माती होते," हे उत्तर ठरलेलं.

आता कापसाचं एक वेळ ठीक आहे, पण पोरीचं? उर्वशी नागपूरहून इंजिनिअर होऊन आली. पुण्याच्या कंपनीनं नोकरी दिली. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि आमचे नागोराव हो म्हणेनात, नाही म्हणेनात. "पाहू," म्हणायचे आणि ओट्यावरून फाटकापर्यंत, फाटकापासून ओट्यापर्यंत येरझारा घालायचे. पोरगी सकाळी बॅग भरायची, संध्याकाळी उपसायची. खरं सांगायचं तर एकुलती एक लेक एवढ्या लांब जाणार हा विचारच त्यांना सोसत नव्हता. पण बापानं तसं तोंडानं कबूल करायचं? छे!

रविवारी सकाळी उर्वशीनं हॉस्टेलमधून आणलेली पत्त्यांची पेटी त्यांच्यासमोर आदळली. राक्षस, चेटकिणी, अजगर, असली चित्रं असलेले शेकडो पत्ते!

"बाबा, तीन डाव. मी जिंकली तर उद्याच हो कळवते. तुमी जिंकले तर पुण्याचं नाव काढत नाई."

"पोरी, बापासंग पत्ते?" तुळसाबाईंनी कपाळावर हात मारला. "गेलं वं तुहं पुणं!"

शेजारचे धावजी पेपर मागायला आले होते. पेपर राहिला बाजूला, ते नागोरावांच्या मागं मांडी ठोकून बसले.

"यात आपला कॅट आपणच निवडाचा," उर्वशीनं समजावलं.

"म्हंजे? सगळे एक्केच घेतले तरी चालते?"

"घ्या नं. पण राक्षस उतरवायले जमीन लागते. पाळीले एकच जमीन टाकता येते. लहान्याले एक जमीन पुरते, मोठ्याले पाच-सहा लागतात. दोघाइचे वीस-वीस जीव. ज्याचे आधी सरले तो हरला."

नागोरावांनी जमिनीचे पत्ते चिमटीत धरून पाहिले. ना दात, ना नखं, नुसती झाडं आणि डोंगर. "जमिनीनं आजवर कोनाचं भलं केलं वं?"

"काढून टाका भाऊ!" धावजींनी री ओढली. "यंदा तं बियान्याचेही पैसे निघाले नाई!"

झालं! सगळ्या जमिनी पेटीत परत गेल्या आणि नागोरावांनी निवडून निवडून थोराड राक्षस तेवढे घेतले. डाव सुरू झाला. उर्वशीनं एक जमीन टाकली आणि हातात काडी धरलेला, उंदराएवढा एक बुटका उतरवला. बुटक्यानं टोचलं, एक जीव गेला.

"माहे राक्षस कवा उतरतीन?"

"जमीन टाकली का."

"मंग दे नं जमीन!"

"तुमीच तं फेकल्या, बाबा!"

हातात एकाहून एक अक्राळविक्राळ राक्षस, आणि एकालाही पाय ठेवायला जागा नाही! बुटक्यानं एकट्यानं टोचून टोचून वीसही जीव संपवले. नागोराव हरले! धावजी खाली मान घालून पेपर शोधायला लागले.

"अवो, भाजीत नुसतं तिखट घालून चालते का?" चुलीपासून तुळसाबाई ओरडल्या. "मीठ लागते, पानी लागते, समदं अंदाजानं लागते!"

आता बायकोचं ऐकायचं म्हणजे जिवावर आलं, पण ऐकलं. दुसऱ्या डावाला त्यांनी भरपूर जमिनी घेतल्या, बरेचसे बुटके घेतले आणि मोठे राक्षस मोजकेच ठेवले. पहिल्याच पाळीला बुटका उतरला, मग लांडगा आणि मागून राक्षस! उर्वशीची फौज चेचून निघाली.

"समजलं! मले समजलं!" नागोराव उठून असे नाचले की कापसाच्या ढिगाला धक्का बसून खोलीभर पुंजके उडाले. सगळे खाजवायला लागले. उर्वशी मात्र खाजवायचंही विसरून आपल्या बॅगेकडे बघत होती. एक डाव उरला होता आणि म्हातारा रंगात आला होता.

तिसऱ्या डावात तर नशीब फळफळलंच. नागोरावांच्या हातात चमचमणारा सोनेरी अजगर आला. पेटीत तसला तो एकच. तो उतरला की समोरच्याची सगळी फौज एका घासात गिळणार! धावजींनी मागून तो पाहिला आणि ते आणखी पुढं सरकले.

नागोरावांची पाचवी जमीन पडली. अजगराला पाचच लागत होत्या. समोर उर्वशीचे दोन बुटके. नागोरावांनी अजगर उचलला, पाहिला आणि परत हातात खोवला. दोन बुटक्यांसाठी एवढा मोठा अजगर? चार होऊ दे!

चार झाले. नागोरावांचे जीव बारावर आले. सहा होऊ दे!

"भाऊ..." धावजी कुजबुजले.

"थांब बे!"

सहा झाले, जीव सहावर. नागोरावांना बसवेना. मांडी बदलली, पाठ खाजवली, पाणी मागितलं, ते न पिताच ठेवलं. आता पोरगी आणखी एक उतरवील, मग एकदमच गिळू! किती बहार येईल!

पोरीनं आणखी एक उतरवलाच नाही. जे सहा होते त्यांना घेऊन तुटून पडली आणि खेळ खलास! नागोरावांनी हातातले पत्ते घाईघाईनं पालथे पेटीत कोंबले.

उर्वशीनं आनंदानं ओरडून आईला मिठी मारली. नागोराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पुण्याला निघायच्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला धावजीही आले होते. एसटी हलली तसे नागोराव पोरासारखे रडले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले तरी पाणी थांबेना.

पण त्याआधी धावजींनी खिडकीशी जाऊन उर्वशीच्या कानात सांगायचं ते सांगून टाकलं होतं. आणि मग पानठेल्यावर सांगितलं, समितीत सांगितलं. "डोळ्यानं पाह्यलं म्या! अजगर हातात होता! टाकला असता तं पोरगी घरीच राह्यली असती. पन बापाचं काळीज भाऊ, मुद्दाम हरला!" लोक येऊन नागोरावांच्या पाया पडायला लागले. नागोराव काहीच बोलत नव्हते, त्यामुळे ते आणखीच थोर वाटत होते.

"खरं सांगा," तुळसाबाईंनी घरात कोंडीत पकडलं. "अजगर काहून नाई टाकला?"

"थांबलतो थोडा," नागोराव जमिनीकडे बघत म्हणाले. "सातवा आला असता तं..."

"पाया पडते तुमच्या!" म्हणून त्या चहा घेऊन बसल्या, एवढ्यात फोन वाजला. पुण्याहून उर्वशी. आवाज रडवेला.

"बाबा, धावजीकाकांनी सांगतलं मले. तुमी माह्यासाठी मुद्दाम हरले नं?"

तुळसाबाईंनी कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे रोखून पाहिलं. आणि काय सांगू तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा नागोराव एक क्षणही थांबले नाहीत!

"व्हय वं बाई," ते गहिवरून म्हणाले. "मुद्दामच!"