लिंबाजीच्या चुटक्यांची खूण

कार्टून बघताना न हसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचा लिंबाजी. कनेरगाव नाक्यावर गोविंदाच्या हॉटेलात केबल आली, तेव्हा लहानथोर सगळे त्या बोलक्या प्राण्यांना पोट धरधरून हसायचे. लिंबाजी मात्र मेंढरं बाहेर बाभळीखाली सोडून, काठीवर हनुवटी टेकून दारातच उभा राहायचा आणि चोरीला गेलेलं मेंढरू बाजारात शोधावं तसा पडदा न्याहाळायचा.

मी तेव्हा जवळच्याच गावात शाळामास्तर होतो. काय बघतोस म्हणून एकदा विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, आपलं एखादं दिसून राहिलं का, ते बघून राहिलो."

आपलं म्हणजे आपला चुटका. लिंबाजीचे चुटके चोरीला जातात, हे त्याचं ठाम मत होतं. चोरीचा रस्तासुद्धा त्याला पाठ होता. नाक्यावर ट्रक थांबतात, ड्रायव्हर चहा पितात, चुटका ऐकतात. ड्रायव्हरच्या पोटात काही राहत नाही. इथून वाशीम, तिथून मुंबई, आणि मुंबईत कार्टूनवाले टपूनच बसलेले.

त्यावर त्याने उपायही शोधला होता. धनगराघरचा माणूस. आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून त्याच्या कानाला चीर देतात, तशी याने आपल्या प्रत्येक चुटक्याला खूण केली होती. चुटका डॉक्टरचा असो, तलाठ्याचा असो की साक्षात यमाचा, त्यात कुठेतरी एक लंगडी शेळी असायचीच. ती काही करायची नाही, बोलायची नाही. नुसती उभी असायची.

चुटके मात्र अस्सल होते. पंचक्रोशीत असा गडी नव्हता, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. घरी पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम नाक्यावर नेत असे. त्याचा एक चुटका तर सगळ्यांना पाठ होता. एकाच्या घरात चोर शिरतो. दारात लंगडी शेळी. सकाळी मालक कुत्र्याला झापतो, भुंकला का नाहीस म्हणून. कुत्रं म्हणतं, मालक, तुम्हीच त्याला बघून तोंडावर गोधडी ओढली, मला वाटलं पाव्हणाच आला असंल. त्याच्या सगळ्याच चुटक्यांतला मालक असा आळशी आणि बावळट असायचा. तो स्वतःवरच हसतोय असं समजून मला तो लिंबाजीचा विनय वाटायचा.

आणि एके दिवशी ते घडलं. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये चोर आला, मालकाने पांघरूण ओढलं, कुत्रं गप्प राहिलं आणि वर तेच उत्तर दिलं. हॉटेलातले सगळे लिंबाजीकडे वळले. मी म्हणालो, अरे, पण शेळी कुठंय? लिंबाजीने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. चोर मेंढरू नेतो तेव्हा चिरेसकट सगळा कानच कापून टाकतो, हे मास्तरला कुठून ठाऊक असणार?

मला वाटलं आता गाव त्याला डोक्यावर घेईल. झालं उलटंच. गोविंदा गल्ल्यावरून म्हणाला, हे कार्टून जुनं असणार. लिंबाजीनंच कुठंतरी आधी पाहिलं आणि शेळी घुसडून आपलं म्हणून सांगितलं. दोघे-चौघे हसले. झालं, दुसऱ्या दिवसापासून लिंबाजी दिसला की पोरं "चुटकाचोर" म्हणू लागली.

माणूस शिव्या खाईल, पण चोर म्हटलेलं कसं सोसेल? लिंबाजीने नाका सोडला. मेंढरं पार पुसेगावच्या अंगाला नेऊ लागला. मला गोविंदाचा राग आला आणि त्याहून जास्त माझाच, कारण शेळीचा प्रश्न मीच काढला होता.

आठवड्याभराने भरदुपारी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. पत्र लिहून पाहिजे होतं, मुंबईच्या कार्टूनवाल्यांना. पैसा नको. कार्टून संपल्यावर नावं पळतात, त्यात एक नाव घाला, बस. मी "लिंबाजी" एवढं लिहिलं आणि त्याने माझा हात धरला.

"माझं न्हाई. रुक्मीण लिहा."

रुक्मीण म्हणजे त्याची बायको, वारून सात-आठ वर्षं झाली होती. मी तिला पाहिलं होतं. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, मान कधी वर झाली नाही. सासू-सासऱ्यांपुढे सुनेनं हसायचं नाही, अशी त्या घरची रीत. हसू सगळं साठायचं आणि मेंढरांमागे रानात गेली की बाहेर पडायचं. चुटके सगळे तिचे. चुटक्यांतला तो बावळट मालक म्हणजे दुसरं कोणी नाही, हा समोर बसलेला लिंबाजी.

मग इतकी वर्षं तिचं नाव का नाही सांगितलंस, मी विचारलं.

ओट्यापुढची मेंढरं काठीने सावलीत सारत तो म्हणाला, "ती व्हती तवा सांगितलं असतं तर लोक तिला फाजील म्हनले असते. ती गेल्यावर सांगाया गेलो, तर नाव घेतलं की गळाच भरून यायचा. रडून राहिलेल्या मानसाच्या चुटक्याला कोन हसंल, गुरुजी?"

पत्र लिहिलं. पत्ता नुसता मुंबई. पोचलं नसणारच. पण मी त्याला मेंढरांसकट तसाच उठवला आणि नाक्यावर घेऊन गेलो.

हॉटेलात त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, चुटके रुक्मीणचे, माझा एकबी न्हाई. नाव घेताना आवाज फाटला, तो त्याने लपवला नाही. कुणी हसलं नाही. गोविंदाने टीव्ही बंद केला. बाकावरचं फडकं उचलून जागा केली आणि खाली बघत म्हणाला, "काकू अजून काय काय म्हनायच्या?"

लिंबाजी बसला आणि सांगू लागला. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. तेवढ्यात मेंढरं हॉटेलामागच्या हरभऱ्यात शिरली. हरभरा गोविंदाचाच होता. गोविंदाने एकदा मागे वळून पाहिलं, पण चुटका अर्धा सोडून तो उठला नाही.