नियम नऊ आणि दोन हजार प्राणी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी लिओनीने तुतारीचं एक पान उलटं करून पाहिलं आणि लगेच होतं तसं सुलटं केलं. काही गोष्टी पाहिल्याच नाहीत असं ठरवता येतं. पण हे जमेना. पानाच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके होते, आणि ते चालत होते.

तुतारी म्हणजे ब्रुगमान्सिया. धोतऱ्याची ही थोरली बहीण. फुलं वीतभर लांब, खाली लटकणारी. संध्याकाळी अत्तराची बाटली फुटल्यासारखा वास, आणि मुळापासून शेंड्यापर्यंत विष. झाड लिओनीचं नव्हतं. ते होतं सासूबाईंचं, गेर्लिंडेबाईंचं. मुलगा फ्लोरियान जन्मला त्याच वर्षी त्यांनी ते लावलं होतं. ऑक्टोबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुंडी तळघरात उतरवणं जमेना, तेव्हा त्यांनी ती सुनेच्या हवाली केली.

“एकतीस हिवाळे काढलेत हिने माझ्याकडे,” त्या म्हणाल्या होत्या. “एक पान गळलं नाही. हिला आणि फ्लोरियानला मी एकदमच वाढवलं. त्याला तर तू नेलंसच.”

आता असं विषारी झाड घरात ठेवणं शक्यच नव्हतं. अकरा महिन्यांचा बेनो रांगत होता, आणि जे दिसेल त्याची चव घेतल्याशिवाय त्याला त्या वस्तूविषयी मत बनवता येत नव्हतं. त्यामुळे पुरुषभर उंचीची ती तुतारी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात खिडकीशी उभी राहिली. तिथे ऊन होतं, गारवा होता आणि हेर किमिश यांची लेखी परवानगी होती: ‘एक कुंडी, कठड्यापासून ऐंशी सेंटिमीटर, ३१ मार्चपर्यंत.’ हेर म्हणजे जर्मनीतलं श्रीयुत, जसं बाईंना फ्राउ. हेर किमिश हे इमारतीच्या समितीचे प्रमुख. उभा जन्म वजनमापं तपासण्यात गेलेला. निवृत्त झाले तरी काहीतरी मोजल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

दर रविवारी सासूबाईंचा फोन यायचा. “पानं कशी आहेत?”

“हिरवी,” लिओनी म्हणायची. चालणारे ठिपके पाहिल्यावरही, आवाज जरासा चढवून, ती तेच म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात जिन्यात नवीन सूचना लागली. तळमजल्यावरच्या फ्राउ श्टोट्स यांच्या वेलावर लाल कोळी आढळला आहे. ही कीड इमारतीत कोणी आणली याचा शोध सुरू आहे. जिन्यातलं जे झाड बाधित निघेल ते तीन दिवसांत इमारतीबाहेर काढलं जाईल. खाली सही, शिक्का. बाहेर उणे नऊ तापमान होतं. म्हणजे झाड बाहेर गेलं की एका रात्रीत संपलं, आणि झाड संपलं की सासूबाईंपुढे उभं कसं राहायचं, हा प्रश्न मात्र पुढे जन्मभर संपणार नव्हता.

“औषध मार ना,” फ्लोरियान बूट घालता घालता म्हणाला.

“बेनो कठडा चाटतो.”

“मग न्हाणीत नेऊन धू.”

“ती तुझ्यापेक्षा उंच आहे, फ्लोरियान. आणि तुझ्यापेक्षा जड.”

शेवटी लिओनीने वाचून वाचून उपाय शोधला: मित्रकिडी. म्हणजे लाल कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी. औषध नाही, वास नाही, बाळाला अपाय नाही. पाकिटात दोन हजार, घरपोच. पोचल्यापासून दोन दिवसांत झाडावर सोडायचे, नाहीतर उपाशी मरतात. कुणाला कळू न देता, अगदी गुपचूप तिने ते मागवले.

पार्सल आलं तेव्हा ती बेनोला लस टोचायला घेऊन गेली होती. परतल्यावर दारावर चिठ्ठी: ‘पार्सल शेजारी दिले आहे. किमिश.’

हेर किमिश यांनी दार उघडलं तेव्हा खोकं त्यांच्या हातात होतं. उघडलेलं.

“तुम्ही माझं पार्सल उघडलंत?” लिओनीने विचारलं.

“उघडावंच लागलं. वर लिहिलंय बघा. ‘जिवंत प्राणी. मिळताच उघडा.’ मला मिळालं. मी सूचना पाळली.”

“अहो, पण ती सूचना मला होती.”

“तसं लिहिलेलं नाही.” त्यांनी चष्मा वर केला. “किती नग आहेत?”

“दोन हजार.”

“गृहनियम नऊ. पाळीव प्राणी नेहमीच्या संख्येत चालतात. फ्राउ श्टोट्सकडे एक मांजर आहे. दोन हजार ही नेहमीची संख्या नव्हे.”

“अहो, ते डोळ्यांना दिसत पण नाहीत!”

“तेच तर. मोजायचे कसे?” हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर खरी वेदना उमटली. “गुरुवारी सभा बोलावतो. तोवर प्राणी समितीच्या ताब्यात.”

“गुरुवारपर्यंत मरतील ते!”

“ती जबाबदारी माझी. योग्य जागी ठेवीन. सभेचं पत्र फ्लॅटच्या मालकांना जाईलच.”

फ्लॅटच्या मालकीण गेर्लिंडेबाई होत्या. लिओनीने बेनोला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, कारण काहीतरी करणं भाग होतं.

गुरुवारी तळघरात, कपडे वाळवायच्या खोलीत सभा भरली. गेर्लिंडेबाई काठी टेकत आल्या, कोट न काढता बसल्या. जिना चढून वर जायला त्यांना वेळ मिळाला नव्हता, एवढंच लिओनीचं नशीब. हेर किमिश यांनी हजेरी घेतली, खुर्च्या मोजल्या आणि विषय वाचला: ‘दोन हजार प्राण्यांचा प्रवेश.’

“भुंकतात का?” फ्राउ श्टोट्सनी विचारलं.

“नाही हो,” लिओनी म्हणाली.

“मग माझी हरकत नाही. वरच्या मजल्यावरचं पोर जास्त ओरडतं.”

“प्रश्न आवाजाचा नाही, संख्येचा आहे,” हेर किमिश म्हणाले. “उद्या कुणी तीन हजार आणेल.”

“आणि ते पाय पुसून येतील का जिन्यात?” फ्राउ श्टोट्स म्हणाल्या. “या आठवड्यात झाडायची पाळी माझी आहे.”

“पण हे प्राणी हवेत कशाला?” गेर्लिंडेबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

सगळ्यांनी लिओनीकडे वळून पाहिलं. बेनोनेसुद्धा.

“तुतारीला लाल कोळी लागलाय, गेर्लिंडे,” ती म्हणाली. “मी तुला खोटं सांगत होते.”

“म्हणजे कीड तिथूनच आली!” फ्राउ श्टोट्स उसळल्या.

गेर्लिंडेबाईंनी सुनेकडे पाहिलंच नाही. त्या हेर किमिश यांच्याकडे वळल्या. “मग ते प्राणी आहेत कुठे?”

“योग्य जागी.”

“म्हणजे कुठे?”

हेर किमिश यांच्या हातात सभेच्या नोंदींची वही होती. त्या वहीत त्यांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता. ते वहीत बघूनच म्हणाले, “पाकिटात दुसरी सूचना होती. ‘तात्काळ जवळच्या बाधित झाडावर सोडा.’”

“मग? तुतारीवर सोडले का?”

“तुतारी माझ्या दारापासून अकरा मीटरवर आहे. माझं जिन्यातलं लिंबाचं झाड चार मीटरवर.”

“तुमच्या लिंबाला कोळी आहे?” फ्राउ श्टोट्स उभ्याच राहिल्या. “कधीपासून?”

“नोव्हेंबर.” ते वहीत लिहीत लिहीतच बोलत होते.

“आणि नाताळात तुम्ही मला तो वेल दिलात! त्याच लिंबाखाली वाढलेला!”

“हे नोंदवून घ्यायचं का?”

“नोंदवा!” फ्राउ श्टोट्स ओरडल्या. हेर किमिश यांनी नोंदवलं. विषय क्रमांक दोनमध्ये ‘शोध पूर्ण’ असं लिहून त्याखाली सहीही केली, आणि तीन दिवसांच्या मुदतीत लिंबाचं काय करायचं यावर चर्चा सुरू झाली. तेव्हा तेच सर्वांत आधी म्हणाले, की माणसाने थोडं समजुतीने घ्यायला हवं.

लिओनी बेनोला घेऊन सासूबाईंच्या मागे जिना चढली. एकेक पायरी, काठीचा एकेक ठोका. तुतारीपाशी गेर्लिंडेबाई थांबल्या, एक पान उलटलं, कोळ्यांची जाळी पाहिली, आणि पर्समधून छाटणीची कात्री काढून पहिली फांदी कचकन कापली.

“गेर्लिंडे! अगं, काय करतेस!”

“दर फेब्रुवारीत येतो हा कोळी. दर फेब्रुवारीत मी हिला बोडकी करते. मे महिन्यात पुन्हा फुटते.”

“तू तर म्हणालीस, एकतीस वर्षांत एक पान गळलं नाही!”

“गळू दिलंच नाही. आधीच कापलं.”

पानं पायाशी पडत होती. लिओनी ती एका हाताने पिशवीत भरत होती, मोजून, एकही राहू नये म्हणून. बेनोला तिने दुसऱ्या काखेत असं आवळलं होतं की त्याने तक्रार केली.

“मग दर रविवारी पानांचं विचारत का होतीस?” शेवटी तिने विचारलं. “चार महिने मला झोप नाही.”

गेर्लिंडेबाईंनी कात्रीची पाती रुमालाने पुसली. “मग काय विचारणार? बाळाचं विचारलं असतं तर मी तुझी परीक्षा घेतेय असं वाटून तू घाबरली असतीस.”

गेर्लिंडेबाईंनी बेनोला आपल्याकडे घेतलं आणि कात्री तिच्या हातात दिली. “ती वरची राहिलीय बघ. काप.”

लिओनीने कापली.

“वाकडी कापलीस,” गेर्लिंडेबाई म्हणाल्या. आणि बेनोला काखेत नीट घेत, “असू दे. फुटेल.”