गुडघ्यावरचं चॉकलेट

आमच्या घरात औषधांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मी केस पांढरे केले आहेत. डॉक्टरांचं अक्षर मला डॉक्टरांपेक्षा बरं लागतं. घरात कुणी साधी तापाची गोळी घेतली तरी ती आधी माझ्या नजरेखालून जाते, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. कित्येक महिने खेटे घातल्यावर ही तारीख मिळाली होती. बाबांना जिन्यावरून खाली आणणं म्हणजे कपाट उतरवणं, फक्त कपाट वाटेत सूचना देत नाही. आता भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासून होकार द्यायचा तेवढा बाकी होता.

त्या दुपारी टॅक्सीत बाबा गप्प होते. मला वाटलं, घाबरलेत. हॉस्पिटलात बसल्यावर मात्र ते समोरच्या दाराकडे बघून खुदुखुदु हसायला लागले.

"काय झालं, बाबा?"

"हे दार बघ. सकाळपासून बंदच होतंय."

आत गेल्यावर डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांचा चेहराच बदलला. "एवढी धावतेय? यांनी काही घेतलंय का?"

"छे! माझ्या परवानगीशिवाय घरात खोकल्याची गोळीसुद्धा कुणी चघळत नाही," मी म्हणालो.

बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला, तिथेच सगळं बिघडलं. काही घेतलं नाही म्हणजे हृदयाचंच काहीतरी! धावपळ झाली, बाबांच्या छातीवर वायरी चिकटल्या. बाबांनी माझा हात घट्ट धरला.

"खरं सांग, मी गेलोय का? मी रागावणार नाही."

"नाही हो बाबा."

"मग एवढी भूक कशी लागलीय? खिशातलं चॉकलेट दे जरा."

मी त्यांच्या खिशात हात घातला. चांदीच्या कागदात उरलेला तुकडा निघाला. डॉक्टरांनी तो हुंगला आणि डोळे मिटून घेतले.

"गुडघ्यावरचं आहे ते," बाबा म्हणाले. "कर्नलनं दिलं."

कर्नल म्हणजे गुडघे धड होते तेव्हाचा बाबांचा सकाळी फिरायचा सोबती, आता घरी येऊन बसतो. सैन्यात कधी नव्हता, काठी तेवढी काखेत धरतो. मी त्याला फोन लावला.

"पुतण्यानं आणलंय," तो म्हणाला. "थोडा गांजा आहे त्यात. पण अगदी नैसर्गिक."

"विंचूही नैसर्गिकच असतो हो!"

"अरे, मी नखाएवढा तुकडा खायला सांगितला होता."

आमच्या बाबांचा जन्म पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह उघडण्यात गेला. पाणी आलं नाही की अजून एक फेरा द्यायचा, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक.

"एक तुकडा खाल्ला, काहीच आलं नाही," ते म्हणाले. "मग एक फेरा दिला. तरी नाही. मग पूर्ण उघडला."

डॉक्टर वैतागल्या. "आजोबा, ओढलेला गांजा लगेच चढतो, खाल्लेला तासा-दोन तासांनी. तुम्ही धीर धरला नाहीत, आता सगळं एकदम आलंय. नाडी धावते, उभं राहिलं की रक्तदाब घसरतो, या वयात हृदयावर ताण येतो. भुलीच्या औषधांचाही अंदाज चुकतो. आणि यांच्या भरवशावर मी भूल दिली असती तर?"

'यांच्या' म्हणताना बोट माझ्याकडे होतं.

संध्याकाळपर्यंत बाबांना नजरेखाली ठेवलं. हृदय ठणठणीत निघालं, पण होकार मिळाला नाही आणि दुसऱ्या दिवशीची तारीख गेली. एवढ्या महिन्यांचे खेटे पाण्यात! माझा संताप अनावर झाला.

"बाबा, तोंडात टाकण्याआधी मला एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं की," बाबा शांतपणे म्हणाले. "तू मोबाइलमध्ये होतास. पुढ्यात धरलं आणि म्हटलं, हे खाऊ का? तू म्हणालास, खा."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीवरचा गुडघ्याचा तक्ता वाचू लागलो.

बाबांनी मात्र त्या दिवसापासून शिस्त लावून घेतली आहे. काल दुकानात ऐन गर्दीत त्यांचा फोन आला.

"केळं खाऊ का?"

"खा ना, बाबा."

"असं नाही. घरी ये आणि नीट बघून सांग."