सोनकुसरे काकांची रांग

सोनकुसरे काका माणसांना नावानं ओळखत नाहीत, रॅकेटनं ओळखतात. परवा भर बाजारात भाजीच्या ठेल्यापाशी त्यांनी अशी हाक मारली की भाजीवालीच्या हातातलं वांगं खाली पडलं. "अजी निळी ग्रिप! काल काहून नाही आले जी?"

निळी ग्रिप म्हणजे मी. शाळेत गणित शिकवतो, अख्खं गाव मला मास्तर म्हणतं. पण काकांच्या लेखी माझी ओळख तळहाताएवढ्या रबरात आहे. आमच्या दातांच्या डॉक्टरांचं नाव 'ढिली तार'. काका एकदा दाढ दाखवायला त्यांच्या दवाखान्यात गेले आणि कंपाउंडरला म्हणाले, "ढिली तार आहे का आत?" तो बिचारा टॉर्च घेऊन काकांच्या तोंडातच तार शोधत बसला.

काकांचं कोसा रेशमाच्या साड्यांचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघतो. काका बघतात बॅडमिंटनचा हॉल. तिथं त्यांना कोणी नेमलेलं नाही.

आमचा हॉल म्हणजे पत्र्याचं छत आणि खाली दोन कोर्टं. संध्याकाळी ज्याला यायचं त्यानं यावं आणि खेळावं, अशी पद्धत. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा खेळणारे बरेचसे नोकरदार बदलीवर तिकडं गेले आणि हॉल ओस पडला. दुष्काळाची आठवण काढावी तशी काका त्या काळाची आठवण काढतात. "चौथा गडी मिळे ना जी. समोरच्या पानवाल्याले ओढून आनलं. तं तो शटलच तंबाखूवानी चोळत बसे!"

मग दिवस पालटले. कोणाला शुगर निघाली, कोणाचं पोट सुटलं, कोणाच्या पोरीनं टीव्हीवर मॅच बघितली. सगळं भंडारा रॅकेट घेऊन हॉलवर आलं. बसस्टँडवर नागपूरची गाडी लागल्यावर होते तशी झुंबड उडायला लागली. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसे लोक कोर्टावर टॉवेल टाकून जागा धरायला लागले. तेव्हा काका उठले आणि त्यांनी भिंतीला टेकवून रॅकेटांची रांग लावली.

नियम सोपा. आल्याबरोबर आपली रॅकेट रांगेच्या शेवटी ठेवायची. कोर्ट रिकामं झालं की पुढच्या चार रॅकेटा उचलायच्या. त्या ज्यांच्या असतील ते चौघे एकत्र खेळणार, मग त्यांच्यात बोलचाल असो वा कोर्टात केस चालू असो. जिंकलात तर आणखी एक डाव, मग उतरायचं. नवीन लग्न झालेलं एक जोडपं यायचं. बायको नवऱ्याच्या बाजूनं उभी राहायला लागली की काका तिला नेटच्या पलीकडं धाडायचे. "घरी एकाच बाजूनं असता ना? मंग इथं तरी हिसाब करून घ्या."

रॅली चालू असताना कोणी कोर्टामागून गेलं, की काका रेल्वे फाटकासारखा हात आडवा धरत. शेजारच्या कोर्टाचं शटल आत आलं तर "थांबा!" असं ओरडायचं आणि खेळ थांबवायचा. समोरचा चुकला म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. आणि न विचारता सल्ला द्यायचा नाही. या शेवटच्या नियमातून काकांनी स्वतःला वगळलं होतं.

काकांचा स्वतःचा खेळ मात्र बघण्यासारखा नव्हता. सर्व्हिस करण्याआधी ते शटलची पिसं नीट करत, छताकडं बघत, मोठा श्वास घेत. समोरचा कंटाळून खाली बसायच्या बेतात आला की मारत. ते शटल नेटपर्यंत पोचेलच असं नसे. स्मॅश त्यांनी जन्मात मारला नाही. "स्मॅश म्हंजे काय? बोलता येत नाही म्हून बोंबलनं."

हा टोला वरठीच्या चौकडीला असायचा. वरठीच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून मोटरसायकलींवर येणारी ही चार पोरं स्मॅशशिवाय काही मारत नसत. त्यांचा पुढारी विक्की. उंच, हसरा आणि हट्टी. चौघे फक्त एकमेकांशीच खेळत आणि एकदा कोर्टावर चढले की उतरायचं नाव घेत नसत.

एका शनिवारी रांग भिंत संपवून दारापर्यंत गेली होती आणि चौकडी काही उतरेना. काकांनी दोनदा हाक मारली. विक्की म्हणाला, "लास्ट गेम काका, लास्ट." असे लास्ट गेम बरेच झाले. मग काकांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, चालू खेळात कोर्टाच्या मधोमध नेटपाशी ठेवली, तिच्यावर बसले आणि पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागले.

"काका, काय करून राहिले?" विक्की ओरडला.

"संत्रं खाऊन राहिलो. तुमी खेळा नं, मी कुठं मधात येतो?"

त्यांनी एकेक फोड सावकाश खाल्ली, बिया मुठीत धरल्या. सगळा हॉल हसत होता. विक्कीनं रॅकेट आपटली आणि चौघे तणतणत निघून गेले.

त्या संध्याकाळी डॉक्टरांचा नंबर शेवटपर्यंत लागला नाही. ते वैतागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि तोडगा मांडला. "ही रांगबिंग बंद करू. ज्यानं त्यानं आपले चौघे जमवावेत, वेळ ठरवून घ्यावी, आपल्या वेळेवर यावं. ना गर्दी, ना भांडण."

सगळ्यांनी काकांकडं पाहिलं. आता हॉलचं छत उडणार अशी माझी खात्री होती. पण काका चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुमाले सोयीचं असन तं करा जी."

तसं केलं. फार सोयीचं झालं. आम्ही चार शिक्षक साडेसहाला यायचो, खेळून घरी जायचो. डॉक्टरांनी तीन डॉक्टर जमवले. चौकडीला आपला वेळ मिळाला. दारात गर्दी नाही, आरडाओरड नाही, हॉल दवाखान्यासारखा शांत. काका आधी काही दिवस येऊन बाकावर बसले. कोणी न विचारता स्कोअर सांगत. मग तेही यायचे थांबले. मला वाटलं, डॉक्टरांच्या वेळेत येत असतील. डॉक्टरांना वाटलं, आमच्या वेळेत. चौकडीला काही वाटलं नाही.

एकदा दुकानावरून जाताना मी पुतण्याला विचारलं, "काका कोणासोबत खेळतात रे हल्ली?"

तो म्हणाला, "काका? ते तं घरीच असतात, सर."

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. विणकरांच्या मोहल्ल्यात लांबट घर. अंगणात काका रॅकेट घेऊन भिंतीवर शटल मारत होते. भिंतीवरून शटल धड परत येत नाही, पायाशी पडतं. ते वाकून उचलत आणि पुन्हा मारत. मला बघून म्हणाले, "या जी. भिंतीसंग खेळून राहिलो. नंबरासाठी भांडत नाही बिचारी."

चहा त्यांनीच केला. काकू गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगी रायपूरला. पुढची खोली लांबच लांब आणि रिकामी होती. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"काय बोलू? खरं कारन सांगता येत नव्हतं, अन् खोटं सुचलं नाही."

"खरं कारण काय होतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ह्या खोलीत चार माग होते जी. दिवसभर खटखट. शेजारच्यांले त्रास व्हायचा, आमाले त्याच आवाजात झोप लागे. माग गेले, मानसं गेली. संध्याकाळ झाली का हे घर खायले उठते." मग म्हणाले, "हॉलात आवाज असते. अन् गर्दीत कोनी विचारत नाही, तू कोनासंग आला म्हून. रॅकेट ठेवली का आपलाही नंबर लागते. आता 'आपले चौघे आना' म्हनलं, तं मी कोनाले आनू? मले घ्या म्हून कोनाच्या दारात उभा राहू?"

मी चहा संपवला. ते म्हणाले, "च्या गोड झाली का जी?"

मी हे कोणाला सांगितलं नाही. पण पुढचं काम पावसानं केलं. रोवणे लागले, म्हणजे भाताची लावणी सुरू झाली. ज्याची धानाची शेती होती तो बांधीतल्या चिखलात उतरला. आमच्यातले दोघे गायब झाले. डॉक्टरांपैकी एक लग्नाला गेले, एकाची पाठ धरली. चौकडीतल्या दोघांची ड्यूटी बदलली. पंधरवड्यात एकाही गटात चौघे उरले नाहीत. इकडं दोघे, तिकडं एकटा. दोन्ही कोर्टं रिकामी आणि आम्ही सगळे आपापल्या वेळेची वाट बघत बाहेर बाकावर.

शेवटी विक्कीच माझ्याकडं आला. "सर, काकांले बोलावू ना. ते असते तं सगळे खेळून राहिले असते." मी म्हटलं, "तूच चल." तो आला. काकांच्या दारात उभा राहून त्यानं मान खाजवली. "काका, सॉरी. चला ना जी. तुमच्याबिगर मजा नाही."

काकांनी त्याला आधी अर्धा तास कोर्टावरून वेळेवर उतरण्याबद्दल सुनावलं. मग म्हणाले, "येतो. पन लास्ट गेम म्हंजे लास्ट गेम."

दुसऱ्या संध्याकाळी हॉल पुन्हा भरला. डॉक्टरांनीही आपली रॅकेट भिंतीला टेकवली. काका ओरडत होते, हात आडवे धरत होते, नव्या माणसाला सर्व्हिस शिकवत होते. एवढी माणसं मार्गी लावता लावता त्यांनी स्वतःची रॅकेट रांगेत ठेवलीच नव्हती, पिशवीतूनही काढली नव्हती.

विक्कीचा नंबर आला. डाव जिंकून तो दुसऱ्या डावासाठी थांबला. त्याचा जोडीदार दमला होता, दुसरा डाव सोडून पाणी प्यायला बाहेर गेला. विक्कीनं रांगेकडं पाहिलं नाही. भिंतीपाशी उभ्या असलेल्या काकांकडं बघून म्हणाला, "काका, माझ्यासंग खेळा."

काकांनी मागं वळून पाहिलं. मागं दुसरं कोणी नव्हतं.

"मले म्हनून राहिला?"

"हो जी. तुमालेच."

रांगेत आम्ही कितीतरी जण होतो. कोणी हूं की चूं केलं नाही. काका माझ्याजवळ आले, "निळी ग्रिप, तुमची रॅकेट द्या जरा," म्हणाले आणि घाईघाईनं कोर्टावर गेले. पहिली सर्व्हिस त्यांचीच होती. त्यांनी पिसं नीट केली नाहीत, छताकडं पाहिलं नाही. कोणी मन बदलायच्या आत मारून टाकावी तशी मारली.

ती नेटमध्ये गेली. विक्की म्हणाला, "कोई बात नहीं काका, पुन्हा होईल."

 तोंडभर हसत काका विक्कीच्या शेजारी, रिसीव्ह करायला, वाकून उभे राहिले.